दारातला स्टॉप

श्रीधररावांना माणसं आवडत नव्हती असं नाही. माणसं आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर बसलेली आवडत नव्हती, एवढंच. आणि त्यांचं नशीब असं, की नागपुरातल्या नंदनवनात एवढी घरं असताना मेट्रोच्या छोट्या बसचा स्टॉप आला तो नेमका त्यांच्याच फाटकासमोर.

वैष्णोदेवी चौकातल्या मेट्रो स्टेशनातून माणसं घ्यायची आणि नंदनवनातल्या गल्ल्यागल्ल्यांत नेऊन सोडायची, एवढंच त्या बसचं काम. स्टॉप म्हणजे तरी काय, एक खांब आणि त्यावर एक निळी पाटी. पण श्रीधररावांच्या फाटकाशी कडुनिंब होता, कडुनिंबाखाली सावली होती, आणि क्लासला जाणाऱ्या पोरांना खांबापेक्षा सावली प्यारी होती. पोरं येऊन भिंतीवर बसायची. नुसती बसती तरी चाललं असतं, पण वर तंबाखू-सुपारीचा खर्रा खायची, आणि खर्रा खाणारा माणूस पुढे जे करतो ते भिंतीवरच करायची. दिवाळीत स्वतः उन्हात उभं राहून लावून घेतलेला बदामी रंग संक्रांतीपर्यंत ओळखू येईनासा झाला. श्रीधरराव ओरडत बाहेर आले की पोरं "हाव काकाजी" म्हणत उठायची, आणि ते आत वळले की पुन्हा टेकायची.

एरवी हा माणूस वाईट नव्हता हो. सरकारी कचेरीत जन्म गेला, बायको गेल्यावर जरा तुसडा झाला, इतकंच. मुलगा केयूर सकाळी कामाला जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. सून मुग्धा घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची, सासऱ्याला वेळेवर चहा द्यायची, पण बोलायला तिला तरी फुरसत कुठून असणार? आठवड्यात श्रीधररावांना गोड लागावं असं एकच काही उरलं होतं. बुधवारी त्यांची मोठी बहीण यायची, यमुताई.

आता यमुताईचं हे येणं साधं नव्हतं, ते नीट सांगायला हवं. त्यांच्या घराण्यात रिवाज असा, की माहेरवाशीण आपल्या पायांनी माहेरी येत नाही. तिला आणायला माणूस जातो आणि पोचवायलाही माणूस जातो. वडिलांनी घालून दिलेलं, आणि वडिलांपुढे बोलायची कोणाची छाती होती? यमुताईचं लग्न झालं तेव्हापासून तिला आणायचं काम श्रीधरकडे. आधी सायकलरिक्षा, मग लुना, मग स्कूटर, आणि शेवटी केयूरची गाडी. यमुताई लुगडं बदलून, पिशवी भरून खिडकीत बसायची. न्यायला कोणी आलं की निघायची. नाही आलं तर पिशवी उपसून पुन्हा फडताळात ठेवायची. "का नाही आलात रे?" असं तिनं कधी विचारलं नाही. मग म्हातारपणी याला वेळ नाही, त्याला सुट्टी नाही, असं करत करत तिचं माहेर दिवाळीवर आणि आईवडिलांच्या पक्षावर येऊन थांबलं. एकाच शहरात राहून हे!

आणि मग मेट्रो आली. यमुताईच्या मुलाचा, पुष्करचा, फ्लॅट जयप्रकाशनगरच्या स्टेशनाजवळ. आधी ती बिल्डिंगमधल्या बायकांबरोबर हौस म्हणून बसून आली. मग एका बुधवारी सकाळी श्रीधररावांच्या दाराची बेल वाजली. उघडून बघतात तो ताई उभी. हातात डबा, डोक्यावरून पदर, आणि परीक्षेत पास झालेल्या पोरीसारखा चेहरा.

"अगं ताई! कोणासोबत आलीस?"

"माझ्यासोबत," यमुताई म्हणाली.

बाप्पा, त्या दिवशी तिला किती सांगू आणि किती नको असं झालं होतं. बर्डीला गाडी बदलायची असते, तिथे वर-खाली फलाट असतात, आपण पहिल्यांदा उलट्या दिशेच्या गाडीत बसलो आणि शंकरनगरला पोचलो, तरी घाबरलो नाही, समोरच्या फलाटावरून परत आलो. मग वैष्णोदेवी चौक, मग ही छोटी बस. "आणि उतरले तो काय रे, पाय खाली टाकला अन् तुझं फाटक! दारातच स्टॉप! आता मला न्यायला यायचं नाही कोणी. पोचवायलाही नाही."

तेव्हापासून दर बुधवारी ती यायची. येताना पुडाची वडी आणायची. दुपारी भावंडं जुन्या गोष्टींवरून भांडायची, जेवून जरा पडायची, आणि उन्हं कलली की यमुताई पिशवी उचलायची. श्रीधरराव चपला घालायला लागले की म्हणायची, "तू काहून येऊन राहिला? माझी बस आहे, मी जाते." आणि तुरुतुरु चालत, जणू ती बस तिच्याच नावावर केली असावी अशा ऐटीत, चढून जायची. कोणाच्या वेळेवर नाही, कोणाच्या गाडीतून नाही. जन्मात पहिल्यांदा ती मनात आलं म्हणून माहेरी येत होती.

आणि श्रीधररावांनी काय केलं?

मार्चमध्ये एका रविवारी ते तर्री-पोहे खायला चौकात गेले. तिथे भैय्याजी भेटले. भैय्याजी म्हणजे वॉर्डातले पुढारी. नळाचं पाणी, सिमेंटचा रस्ता, मयतीचं लाकूड, सगळं त्यांच्या शब्दावर हलायचं. श्रीधरराव सकाळीच भिंतीवरची ताजी पिचकारी बघून आले होते. डोकं तापलेलंच होतं. भैय्याजींसमोर त्यांनी सगळी भडास काढली आणि म्हणाले, तो स्टॉप तिकडे नाल्यापलीकडे पाण्याच्या टाकीपाशी नेऊन टाका, तिथे मोकळी जागा आहे.

भैय्याजींनी पोह्यांवर तर्री वाढून घेतली. "काकाजी, करून देतो. पण कोनाची गैरसोय तं नाही ना होनार?"

"छे हो," श्रीधरराव म्हणाले. "कोणाची होते? पाटी तिकडे गेली म्हणून काय झालं? बस रस्ता तोच धरणार. ज्याला इथे उतरायचंय तो ड्रायव्हरला सांगेल, थांबव बाबा. आपल्या नागपुरात कोणती बस स्टॉपवरच थांबली आजवर?"

यात खोटं काही नव्हतं. जन्मभर त्यांनी हेच पाहिलं होतं. हात दाखवला की बस थांबते, "भाऊ, जरा पुढे" म्हटलं की पुढे थांबते. पाटी सरकारची असते, बस आपली असते. भैय्याजींनाही ते पटलं. आठवडा गेला नाही तोच खांब उपटला गेला आणि टाकीपाशी जाऊन उभा राहिला. पोरं गेली. श्रीधररावांनी पेंटरला बोलावून भिंत पुन्हा बदामी केली आणि संध्याकाळी खुर्ची टाकून तिच्याकडे पाहत बसले.

बुधवारी यमुताई उशिरा आली. पदरानं मान पुसत आत आली आणि सोफ्यावर टेकली. मुग्धानं पाणी आणून दिलं. नाल्यापलीकडचा रस्ता सिमेंटचा व्हायचा होता, गिट्टी पसरून ठेवली होती, त्या गिट्टीवरून ती डबा सांभाळत आली होती. पावलं लाल झाली होती.

"स्टॉप हलवला रे," ती म्हणाली. "कोण्या मेल्यानं तक्रार केली देव जाणे. काय मिळालं असेल त्याला?"

खरं सांगायचं तर, तेव्हा श्रीधररावांना पहिल्यांदा आठवलं की ताई त्या बसनं येते. तोवर डोक्यात ती आलीच नव्हती. आता बोलायला हवं होतं. "अगं, मीच तो," एवढंच तर म्हणायचं होतं. ताईनं दोन शिव्या घातल्या असत्या, वडी तोंडासमोर आपटली असती आणि विषय संपला असता. पण मोठ्या बहिणीकडून मेल्या म्हणवून घेतल्यावर "तो मेला मीच" असं सांगायला जी हिंमत लागते ती त्या वेळी त्यांच्याकडे नव्हती. ते म्हणाले, "हो का? बघतो मी. अगं पण ड्रायव्हरला सांगायचं, फाटकाशी थांबव म्हणून."

"मी नाही बाई कोणाला सांगत. स्टॉप जिथे आहे तिथे उतरायचं."

ती अशीच होती. जन्मभर दुसऱ्याच्या सोयीनं उठबस केलेल्या बाईला ही बस आवडली होती ती याचसाठी, की तिथे कोणाची विनवणी करावी लागत नव्हती. आता पुन्हा "भाऊ, जरा थांबवा ना" करायला ती तयार नव्हती.

मग श्रीधरराव स्वतः टाकीपाशी गेले आणि ड्रायव्हरला गाठलं. दुर्गेश नावाचा तरणा, हसरा पोरगा होता. स्टॉप आपणच हलवायला लावला इथपासून ताईच्या पायांपर्यंत त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि स्टेअरिंगजवळच्या डबीकडे बोट दाखवलं.

"काकाजी, पहिलेच्या गाड्या गेल्या आता. मी कुठं थांबलो, किती थांबलो, थे सारं तिकडं ऑफिसात दिसते. मंधात थांबलो तं मलेच बोलणे खा लागते. तुमच्यासाठी मी काहीबी केलं असतं जी, पन हे माह्या हातात नाही."

पुढच्या बुधवारी यमुताई आली, पण दुपारी भांडली नाही. लवकरच पिशवी उचलली. श्रीधरराव टाकीपर्यंत पोचवायला निघाले तर "राहू दे" म्हणाली, आणि या खेपेला त्यात ऐट नव्हती. त्याच्या पुढच्या बुधवारी फोन आला, गुडघा धरला आहे. मग ऊन फार. मग पुष्करकडे पाहुणे. मग पाऊस. श्रीधरराव फोनवर "बरं बरं" म्हणत राहिले. मुग्धा म्हणाली, "बाबा, केयूर रविवारी जाऊन आत्यांना घेऊन येईल." यमुताईनं तेही टाळलं. बुधवार यायचा आणि जायचा. श्रीधरराव सकाळी दाढी करून बसायचे आणि दुपारी एकटेच जेवायचे, आणि संध्याकाळी खुर्ची टाकायचे ती त्या बदामी भिंतीकडे पाठ करून.

शेवटी ते पुन्हा भैय्याजींकडे गेले. मान खाली घालून म्हणाले, स्टॉप परत आणा.

"काकाजी, थो स्टॉप हाये का घरची खुर्ची हाये?" भैय्याजी वैतागले. "इकडून उचलली, तिकडं ठेवली, परत इकडं! लोकं मले हसतीन ना." श्रीधररावांनी हात जोडले. सरकारी कचेरीत ज्यांच्यापुढे लोक हात जोडायचे त्यांनी पोह्याच्या ठेल्यावर, चार लोकांसमोर हात जोडले. भैय्याजींनाच लाजल्यासारखं झालं. पोळा झाला, गणपती बसले, आणि गणपती उठायच्या आत खांब परत फाटकासमोर आला. श्रीधररावांनी भिंतीशी स्वतःच्या पदरचं सिमेंटचं बाक करून घेतलं. पोरं आली, बसली, थुंकलीही. श्रीधरराव एका अक्षरानं बोलले नाहीत.

त्यांनी धावत जाऊन फोन लावला. "ताई, स्टॉप परत आला! दारात!"

"हो का? बरं झालं," यमुताई म्हणाली. "लोकांची सोय झाली."

आणि बुधवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आधी श्रीधररावांना राग आला. आपण एवढं केलं आणि हिला त्याचं काही नाही! दोन दिवस ते घुश्शात राहिले. मग मुग्धानंच एकदा पोळी वाढता वाढता म्हटलं, "बाबा, दर वेळी त्याच काहून याव्या? तुम्ही जा ना एकदा." दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ते फाटकासमोरच्या खांबाखाली जाऊन उभे राहिले.

एवढ्या वर्षांत ते मेट्रोत बसले नव्हते. गरजच पडली नव्हती, सगळे त्यांच्याकडे येत होते ना. वैष्णोदेवी चौकात तिकिटाच्या फाटकानं त्यांना अडवलं, तेव्हा मागच्या एका मुलीनं पुढे होऊन तिकीट कसं टेकवायचं ते दाखवलं. बर्डीला गर्दीबरोबर ते भलत्याच जिन्यानं निघाले, सरकता जिना बघून कचरले, साध्या जिन्यानं गेले आणि मध्येच कठडा धरून उभे राहिले. छाती धपापत होती. कोणत्या फलाटावर जायचं ते दोघांना विचारावं लागलं. बाईमाणूस, आपल्याहून मोठी, गुडघे दुखणारी, हातात वड्यांचा डबा, आणि हे सगळं ती दर बुधवारी करत होती, आणि वर घरी येऊन हसत होती. श्रीधररावांना तिथेच, त्या चकचकीत स्टेशनात, रडू यायला लागलं. त्यांनी रुमालानं नाक शिंकरलं आणि पुढची गाडी धरली.

यमुताईनं दार उघडलं तेव्हा ती खरंच चकित झाली. "अरे, तू? कोणी सोडलं?"

"आलो माझा मी."

तिनं त्यांना बसवलं, चहा टाकला, ताटलीत चिवडा आणून ठेवला. गुडघा बरा दिसत होता. स्वयंपाकघरातून बाहेर येता जाता ती चांगली चालत होती. श्रीधररावांनी चहाला हात लावला नाही.

"ताई, तू येत काहून नाही? स्टॉप आला ना परत."

यमुताई समोरच्या खुर्चीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "श्रीधर, तुला मी येऊ नये असं वाटत होतं तर मला सांगायचं होतंस ना रे. मी नसते आले. त्यासाठी साऱ्या गल्लीचा स्टॉप काहून हलवला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"त्या ड्रायव्हरनं. मी विचारलं त्याला, बाबा, कोणी केलं हे? तर हसला. म्हणाला, आजी, तुमच्याच घरच्या काकाजीनं केलं, तुमाले माहीत नाही?" तिनं चिवड्याची ताटली त्यांच्याकडे सरकवली. "त्याच्या आदल्या बुधवारी मी तुझ्यासमोर बसून त्या माणसाला शिव्या घातल्या होत्या. तू ऐकून घेतल्यास."

"ताई, तसं नाही गं!"

"असू दे. घर तुझं आहे. आपल्याकडे बोलावल्याशिवाय माहेरी जात नाहीत, मीच विसरले. म्हातारपणी शिंगं फुटली मला, दर आठवड्याला येऊन बसायची."

"अगं, देवाशपथ तसं नाही!" श्रीधरराव खुर्चीतून पुढे सरकले. त्यांना काहीही करून हे तिच्या मनातून काढायचं होतं. "ती पोरं भिंतीवर थुंकायची, त्यांच्यासाठी सांगितलं मी. तुझा काही संबंधच नव्हता त्याच्याशी. तू तर तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतीस!"

जीव तोडून बोलले. आणि खरं तेच बोलले.

यमुताईनं त्यांच्याकडे पाहिलं. बोटाला गुंडाळलेला पदर हळूहळू सुटला.

"अस्सं," ती म्हणाली. "ध्यानातही नव्हते."

"म्हणजे तसं नाही गं..."

"इतके महिने मी विचार करून राहिले, आपलं काय चुकलं. जास्त बोलते का, मुग्धाला जड होते का. वाटलं, वैतागला असेल माझ्यावर. रागात का असेना, माझा विचार करून तरी केलं असेल त्यानं." ती उठली आणि त्यांच्यासमोरचा कप उचलला. "तेच बरं होतं रे. चहा गार झाला, दुसरा करते."

आत भांडं वाजलं, गॅस पेटला. श्रीधररावांनी दुसरा चहा घेतला. निघताना दारात उभं राहून ते म्हणाले, "येत्या बुधवारी ये. मी येतो न्यायला." यमुताई "बघू" म्हणाली, आणि बर्डीला जिना चढू नको, लिफ्ट डाव्या हाताला आहे, एवढं नीट समजावून सांगून तिनं दार लावून घेतलं.

परतीच्या बसमध्ये दुर्गेशच होता. नंदनवन येईपर्यंत बस रिकामी झाली. फाटकासमोर त्यानं गाडी अगदी कडेला, बाकाला लागून उभी केली आणि मागे वळून विचारलं, "काकाजी, थ्या आजीबाई काहून नाही येत आता? आता तं स्टॉप दारातच हाय."

"तिला लांब पडतं," श्रीधरराव म्हणाले, आणि दांडा धरून खाली उतरले.